होल्डवरचं बोलणं

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो एका बाईंना कपडे धुण्याच्या मशीनखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायला सांगत होता. मशीन बाथरूमभर नाचतंय म्हणून बाई घाबरल्या होत्या. "नाचू द्या हो," तो म्हणाला, "त्याचा एक पाय लंगडा आहे, एवढंच. आपण टेकू देऊ." बाई हसल्या. मीही हसले... आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

माझं काम हसण्याचं नव्हतं. हेल्पलाइनवरचे कॉल नंतर ऐकायचे आणि बोलणाऱ्याला मार्क द्यायचे, हे माझं काम. तो घरून काम करायचा, मी ऑफिसातल्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचे.

त्यानं बाईंना होल्डवर टाकलं. होल्डवर ग्राहकाला गाणं ऐकू जातं, पण रेकॉर्डिंग चालूच राहतं. बोलणाऱ्यांना बहुधा ते माहीत नसतं. त्यालाही नव्हतं. कुठूनतरी बारीक आवाज आला.

"बाबा, होल्ड लागला?"

"लागला. बोल पटकन."

"माझा दात हलतोय."

"बघू, आ कर... हा तर मशीनसारखाच नाचतोय, भिंगरे."

आणि लगेच त्याच गळ्यातून दुसरा आवाज, "थांबल्याबद्दल धन्यवाद, मॅडम."

मागून घरातला आवाज आला की मार्क कापायचे, असा नियम होता. फार कापले गेले तर घरून काम करायची परवानगी जायची. मी तो रकाना कोराच ठेवला.

मार्क सांगायला त्याला दर महिन्याला फोन करावा लागे. तो मला परीक्षकबाई म्हणायचा. या खेपेला कशात नापास केलंत, म्हणून विचारायचा. ग्राहकांना फार वेळ होल्डवर ठेवता, असं मी एकदा जरा कडक आवाजात सांगितलं, तर म्हणाला की गाणं चांगलं आहे, लोकांनी पुरं ऐकावं अशी त्याची इच्छा असते. मी ओठ दाबून धरले. बाहेर पाऊस लागला होता. त्याच्याकडच्या पत्र्यावरही वाजत होता.

"तुमच्याकडेही पडतोय वाटतं," तो म्हणाला.

"हो... पण हे मार्कांत धरत नाहीत."

"मग जरा वेळ ऐकूया की."

आम्ही दोघं ऐकत राहिलो. मी भाऊ-वहिनीकडे राहायचे; त्या संध्याकाळी जेवताना वहिनीनं विचारलं, तू केलेल्या भाजीत मीठ कुठंय? मला चवच कळली नव्हती.

भिंगरीची आई नव्हती, हे मला होल्डवरच्या अशा तुकड्यातुकड्यांतूनच कळलं. शाळेतून आली की ती त्याच्या खुर्चीशेजारी बसून राही. ग्राहक बोलत असताना गप्प. सांगायचं ते सगळं साठवून ठेवायची आणि होल्ड लागला की भराभरा ओतायची. एवढीशी पोर, पण वाक्यं मोजूनमापून करायला शिकली होती. ते ऐकताना कौतुक वाटायचं आणि वाईटही.

मग तो कॉल आला. एक आजोबा आपल्या मशीनची सगळी कुंडली सांगत होते आणि तो ऐकत होता. होल्ड नव्हता. तरी माइकच्या अगदी जवळ भिंगरीचा आवाज आला. तिला धीर धरवला नसावा.

"बाबा, मी आत्याकडे राहायला जाऊ? म्हणजे तुला नीट काम करता येईल."

आजोबांनी तेवढ्यात विचारलं, दुरुस्तीचा माणूस उद्याऐवजी परवा पाठवलात तर चालेल का?

"हो हो, चालेल की," तो म्हणाला. "काहीच अडचण नाही. उलट बरंच होईल."

"बरं," भिंगरी एवढंच म्हणाली. लहान पावलं दूर गेली, कपाटाचं दार करकरलं.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. त्यानं ते ऐकलंच नव्हतं. त्याच्या कानात आजोबा होते.

त्यानंतरच्या कॉलांत होल्ड लागला की तोच हाका मारायचा. "भिंगरे, ये, वेळ आहे." आणि दुसऱ्या खोलीतून उत्तर यायचं, "नको, तू काम कर."

महिन्याचा फोन केला तेव्हा त्यानं मार्क विचारलेच नाहीत. रविवारी मुलीला बहिणीकडे पोचवायचंय, म्हणाला. पोरीनं स्वतःच ठरवलंय. मी चाचरत विचारलं, का?

"तिचं बरोबरच आहे," तो म्हणाला. "बाहेर जाणारा बाप संध्याकाळी घरी तरी येतो. मी दिवसभर घरातच... आणि येतच नाही."

आम्ही ऐकणाऱ्यांनी घरातल्या गोष्टीविषयी अक्षर काढायचं नाही, ही नोकरीची पहिली अट. आणि बोलले तर मी किती ऐकलंय तेही उघडं पडणार होतं. तरी बोलले. आजोबांचा प्रश्न, भिंगरीचा प्रश्न आणि दोघांना मिळालेलं एकच उत्तर, सगळं जसंच्या तसं सांगितलं.

तिकडे त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुम्ही होल्डवरचंही..."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

फोन बंद झाला. हा माणूस आपल्याला कायमचा अंतरला, असं धरून मी चालले. त्याचे नवे कॉल आले, ते उघडायचा धीर झाला नाही. रविवार गेला, तो मी कसा काढला ते वहिनीला विचारा.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर गेटपाशी एक उंच, जरा वाकलेला माणूस उभा होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मुलीचा हात. वॉचमननं त्याला बोटानं मला दाखवलं. मी कधी पाहिलं नव्हतं त्याला, पण त्यानं घसा साफ केला आणि मला कळलं.

"नाही गेली," तो म्हणाला.

त्यानं कामाची वेळ बदलून घेतली होती. मुलगी शाळेत असेल तेवढंच काम, ती आली की मशीन कुणाचंही नाचो. सांगताना त्याचा हात तिच्या डोक्यावर होता.

"आणि माझे कॉल आता दुसऱ्या कोणाला तरी ऐकायला द्या."

"रागावलात?"

"नाही हो. आपल्या माणसाला मार्क... द्यायचे नसतात."

छत्रीवर पाऊस वाजत होता.

"आपलं माणूस म्हणजे... कोण कोणाचं?" मी कसंबसं विचारलं.

"माझं तर ठरलंय. तुमचं काय?"

"माझं... केव्हाच."

तेव्हा तो खाली बसला, अर्धा खांदा पावसात भिजत. मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "भिंगरे, ह्या आपल्याकडे येत जाणार असतील, तर तुला चालेल? नीट विचार करून सांग."

तिनं मला वरून खाली पाहिलं. मग बापाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती विचार करत राहिली आणि आम्ही दोघं थांबलो. घाई कोणालाच नव्हती.