बगळेबुवांचा क्रौंच

तिला सूड घ्यायचा होता, आणि त्यासाठी तिला एक पांढरा क्रौंच हवा होता. जिवंत, कॅमेऱ्यात पकडलेला! तो फोटो पक्षीमंडळाच्या चिटणिसाच्या टेबलावर आपटायचा, एवढ्यासाठीच चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ती बाई शरदातल्या पक्षीगणनेच्या दिवशी, धुक्यात, सकाळी सहाला होडीत बसली. वल्ह्यांवर तिची आत्या होती. वय सत्तर, हात कणखर आणि जीभ त्याहून.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी तळ्यापलीकडच्या लव्हाळ्याच्या बेटाजवळ पांढरा क्रौंच पाहिला होता. होडीत चिटणीसही होता. मंडळाचा नियम असा, की दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला फोटो हवा, नाहीतर दोन सभासदांच्या सह्या. पण चिटणिसाचं पुस्तक त्याच महिन्यात छापायला गेलेलं, आणि त्यात त्याने ठणकावून लिहिलेलं की हा पक्षी या तळ्यावर येतच नाही. मग काय! भर सभेत तो गृहस्थ म्हणाला, "धुकं होतं. मला काही दिसलं नाही." बाबांच्या नोंदीवर लाल रेघ बसली. बगळ्याला क्रौंच समजले म्हणून शहरभर त्यांचं नाव पडलं बगळेबुवा. लोक त्यांच्या चष्म्याच्या दुकानात येऊन बगळ्यासारखी मान वाकडी करून दाखवायचे. बाबांनी दुर्बीण खुंटीला टांगली ती कायमची, आणि तीन वर्षांत गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, "पंखांची टोकं काळी होती गं. बगळ्याची कुठे असतात?"

या आठवड्यात मासेमारांनी बातमी आणली होती. बेटापाशी मोठे पांढरे पक्षी उतरलेत!

"ती बघ, पुढे कुणाची होडी?" आत्याने वल्हं थांबवलं.

धुक्यात एक पिवळी टोपी हलत होती. चिटणीस! एकटाच निघाला होता. बातमी त्यालाही लागली होती तर.

"आता स्वतःच्या नावावर लावणार हा," ती म्हणाली. तिचे दात करकरले. "आत्या, मार वल्हं!"

बेटाभोवतीचं पाणी फसवं होतं. वर हातभर पाणी, खाली पुरुषभर गाळ, आणि मधून मधून अचानक खोल डोह. लव्हाळी इतकी दाट, की वल्हं दर चार हातांवर अडकत होतं. होडीच्या तळाची जुनी फट पाझरायला लागली. ती एका हाताने डब्याने पाणी उपसत होती, दुसऱ्या हाताने लव्हाळी बाजूला सारत होती. पात्यांनी तळवा फाटला. तिला त्याचं काही नव्हतं.

आणि वारा सुटला. धुकं फाटलं. तळं उसळलं! एक लाट होडीवरून गेली. दुसरी आली. "खाली बस!" आत्या ओरडली. समोर पिवळी टोपी उडाली, चिटणिसाची होडी आडवी झाली आणि बघता बघता पालथी पडली!

चिटणीस गाळात छातीपर्यंत रुतला. हात वर, तोंड उघडं.

"बुडू दे मेल्याला," आत्या शांतपणे म्हणाली.

खोटं कशाला बोला, क्षणभर तिच्याही मनात तेच आलं. आत्याजवळचं एक वल्हं तिने उचललं होतं आणि ती ते पुढे करत नव्हती. अकरा वर्षं हाच चेहरा असा बुडताना पाहायला तिने कितीदा डोळे मिटले होते! पण हा मेला तर बाबा कायमचे बगळेबुवाच राहणार होते. खरं काय ते दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

"धरा!" तिने वल्हं पुढे केलं. त्याने ते पकडलं. होडी कलली. तिने जीव खाऊन ओढलं. आत्याने त्याची कॉलर धरली. एक हिसका! दुसरा! तो होडीत येऊन आदळला, आणि त्याच धक्क्याने तिची कॅमेऱ्याची पिशवी डोहात गेली.

गेला फोटो. तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

वारा पडला. ऊन आलं. आणि लव्हाळ्यापलीकडून तो उठला. पांढराशुभ्र, माणसाच्या छातीएवढा उंच, चेहरा लालबुंद. त्याने पंख उघडले. टोकं काळी होती. सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, तो त्यांच्या डोक्यावरून दक्षिणेकडे गेला.

"पाहिलास ना?" चिखलाने माखलेला चिटणीस थरथरत म्हणाला. "माझा कॅमेरा बुडाला, तुझाही बुडाला. पण आपण दोघं सभासद आहोत! दोन सह्या!"

तिने डबा उचलला आणि पाणी उपसायला लागली.

दुपारी मंडळाच्या खोलीत तीसेक माणसं जमली. चिटणिसाने हातवारे करून सगळं सांगितलं, नोंदवहीत झोकात सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली.

तिने पेन उचललं नाही. "सकाळी धुकं होतं," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही."

चिटणिसाचा चेहरा पडला. मागच्या बाकावरून दातांचा डॉक्टर म्हणाला, "अहो, तुमच्याच पुस्तकात आहे की, क्रौंच इथे येत नाही. बगळा असेल!" खोली हसली. कुणीतरी म्हणालं, "नवे बगळेबुवा!"

"येतो!" चिटणीस टेबलावर मूठ आपटून ओरडला. "अकरा वर्षांपूर्वीसुद्धा आला होता, त्याच बेटापाशी! मी या डोळ्यांनी पाहिलाय!"

हसू थांबलं. एकेक मान त्याच्याकडे वळली, मग तिच्याकडे. आपण काय बोलून बसलो ते चिटणिसाला कळलं, पण उशीर झाला होता.

तिने कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. पान तिला पाठ होतं. लाल रेघ, बाबांची सही, आणि शेजारी रिकामी जागा.

"इथे," ती म्हणाली.

तीस माणसांसमोर त्याने सही केली. मग आजची वही पुढे करून तो पुटपुटला, "आता माझ्या नोंदीवर?"

"बगळा असेल हो, चिटणीस," ती म्हणाली आणि निघाली.

बाहेर आत्या पायरीवर वाट पाहत बसली होती. "झालं मनासारखं?"

"झालं."

"आणि आजचा पक्षी? तो लागला असता की तुझ्या नावावर."

"जाऊ दे गं." तिने रुमाल बांधलेल्या हाताने डोळे पुसले. "आत्या, टोकं खरंच काळी होती."