डोळे पाहण्याचा कार्यक्रम

"यात काळ्या काचा बसवून देता का जी?"

काउंटरवर तारेची गोल फ्रेम ठेवून तो उभा होता — कानांवर केस, बेलबॉटम, पाठीवर गिटार. लकडगंजातल्या त्या चष्म्याच्या दुकानात पुष्पलता वर्षभर काम करत होती. गोल काळा चष्मा तिने मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्यांनाच दिला होता.

"ऑपरेशन कधी झालं जी तुमचं?" तिने हळूच विचारलं.

"ऑपरेशन नाही जी. फ्रेम आजोबाची आहे. विलायतेतले गिटारवाले असाच घालतात..." तो लाजून हसला. "बेलबॉटम जाईल, हे केस जातील, हा चष्मा राहील पाहा."

"केस गेल्यावर तर लागेलच."

त्याचं नाव मधुसूदन. मग दर शनिवारी त्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला होऊ लागला. स्क्रू आपोआप इतका ढिला होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ती निमूट आवळून द्यायची, आणि शनिवार उजाडला की वेणी दोनदा घालायची. जीव जडला होता, दुसरं काय.

एका शनिवारी तिने खाली मान घालून सांगितलं, उद्या उमरेडचं स्थळ पाहायला येणार आहे. त्याच संध्याकाळी मधुसूदन तिच्या घरी मागणी घालायला हजर — तोच चष्मा लावून.

तिचे वडील नत्थूजी विणकर. विणकराच्या घरात आधी डोळे पाहतात.

"डोळ्यानं अधू पोरगा जावई करू का मी?" म्हणत त्यांनी मागावरचं बारीक सूत टचकन तोडलं. "जोड, बाबू. जमलं तर पुढचं बोलू."

मधुसूदनने चष्मा काढला. पहिल्यांदा सूत निसटलं... दुसऱ्यांदा, गिटारच्या तारांनी राठ झालेल्या बोटांनी, त्याने ते पीळ देऊन सांधलं. नत्थूजींनी ओढून पाहिलं. तुटलं नाही.

"नजर तर बरी आहे. मग हा चष्मा काहून लावून राहिला गा?"

गिटारवाल्यांचं नाव पुढे करता आलं असतं. त्याने केलं नाही.

"तुमच्या पोरीकडे पाहत राहतो, काकाजी... ते तिले दिसू नये म्हणून."

पुष्पलताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वडिलांसमोरच म्हणाली, "मले दिसत होतं, बाबा."

नत्थूजींनी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि उद्या येऊ नका असा निरोप उमरेडला धाडायला ते स्वतःच चप्पल शोधू लागले.