बस म्हणायला माणूस लागतं

संतोषचा फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. संतोष आमच्या शेताला लागून असलेल्या तांड्यावरचा. पावसाळाभर आमच्या शेतात कामाला असतो आणि दिवाळी झाली की बायकोला, रीताला, घेऊन ऊसतोडीला जातो. फोन पार सांगलीकडून होता.

"वहिनी, याडीचा फोन लागून न्हाई राहिला कालपासून. जरा तांड्यावर जाऊन बघता का?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. जमनाबाई तिचं नाव, पण आम्ही सगळे तिला जमनामाय म्हणतो.

"बंद पडला असंल रे. म्हातारीला चार्जिंगचं कुठं ध्यानात राहतं," मी म्हणाले.

"तरी बी जावा. बापू गेल्यापासून ती नीट जेवत न्हाई."

भावसिंग, म्हणजे संतोषचा बाप, आषाढात गेला होता. खोकून खोकून गेला बिचारा. मी सूप भिंतीला टेकवलं, दोन भाकरी आणि वरण डब्यात घेतलं आणि निघाले. दुपारच्या वेळी एकटीनं माळावर जाऊ नये, असं सासूबाई ओट्यावरून म्हणाल्याच. त्यांचं ऐकायचं म्हटलं तर माणसानं दिवसभर चुलीपुढंच बसावं.

आता थोडं माझं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी भादव्यात माझी आरोही गेली. सहा वर्षांची होती. साधा ताप म्हणून औंढ्याला दाखवलं, तिथून हिंगोली, तिथून नांदेड. नांदेडहून आम्ही दोघंच परत आलो. आणि मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तेराव्याला सासऱ्यांनी एक गाणारा बोलावला होता. त्यानं मायलेकरांची अशी गाणी म्हटली की भावकीतले दगडासारखे गडी हमसून रडले. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, याचा स्पीकर फाटलाय, कोणीतरी आवाज कमी करा.

मग घरच्यांनी ठरवलं की मला दुःखाचं काही ऐकू द्यायचं नाही. रेडिओवर गाणं लागलं की सासूबाई बटण फिरवायच्या. भेटायला येणाऱ्या बायकांना दारातच सांगायच्या, "हिला रडवू नका." टीव्हीवर दिवसभर हसायचे कार्यक्रम. सगळ्यांची माया होती त्यात, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या छातीत काहीतरी बसलं होतं आणि ते खाली जात नव्हतं की वर येत नव्हतं. पाणी शेंदायला गेले की विहिरीच्या काठावर मी उगीच उभी राहायची. पुढं पुढं जास्तच वेळ उभी राहायला लागले. माझ्या नवऱ्यानं, विजयकुमारनं, मला एका शब्दानं विचारलं नाही. एक दिवस गपचूप विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घेतली.

तर अशी मी, हातात डबा घेऊन, माळ चढत होते. खालच्या रानात हळदीचा पाला कापून पडला होता, त्याचा उग्र गोड वास वरपर्यंत येत होता. लांब सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं. तांडा म्हणजे एरवी कोंबड्या, कुत्री, पोरं, भांडणं. आता घरोघरी कुलपं. ज्यांच्या दाराला कुलूप नाही त्यांनी बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, लावून ठेवलेले. कुत्रीसुद्धा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमागं गेली असावीत. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला आणि मी पाय दाबून चालू लागले.

मग ते ऐकू आलं. कोणीतरी गात होतं. जरा पुढं गेल्यावर कळलं, गात नाही, रडतंय. पण सुरात रडतंय.

बंजारा बायकांचं रडणं तुम्ही ऐकलं नसेल तर सांगते. कोणी गेल्यावर दोघी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडतात, दोघींवर एकच ओढणी घेतात आणि आळीपाळीनं गातात. गेलेल्याचं दुखणं, त्याचं बोलणं, त्याचं शेवटचं पाणी, सगळं त्या सुरात येतं. एकदा निंदताना रीता मला म्हणाली होती, "आमच्यात रडणारी आपून होऊन थांबत न्हाई, वहिनी. तिसऱ्यानं येऊन ओढणी उचलायची, बस म्हणायचं. न्हाई थांबवलं तर ती ज्याच्यासाठी रडते त्याच्या मागं जाते." तेव्हा आरोही माझ्या पदराला धरून उभी होती. मी हसले होते.

जमनामाय घरात, मधल्या लाकडी खांबाच्या गळ्यात पडून रडत होती. अंगावर आरशांची जुनी ओढणी. दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या नवरा गेल्यावर उतरवलेल्या, तिथं कातडीला वळ राहिले होते. माझी सावली दारात पडली तशी ती थांबली.

"माय, खांबापाशी काहून रडून राहिलीस?"

"मंग कोणापाशी रडू? बाया समद्या उसाला गेल्या." तिनं खांबावर चापट मारली. "ह्यो मेला जबाब देत न्हाई."

"संतोषचा फोन आला व्हता. भाकर आणलीय, खाऊन घे."

"भाकर राहू दे. तू भावसिंगाच्या मागं रडाय आली न्हाईस. मी तुझ्या लेकीच्या मागं रडाय आले तर तुझ्या सासूनं दारातूनच लावून दिलं. दोघींचं राहिलंय. ये."

"मला रडू येत न्हाई, माय."

"तुला रड कोण म्हणलं? नुस्ती बस."

तिनं माझा हात धरून खाली ओढलं. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या गळ्यात हात टाकले आणि ओढणी आमच्या दोघींच्या डोक्यावरून घेतली. उजेड गेला. धुराचा, शेळीचा, म्हाताऱ्या अंगाचा वास आला. कापडाच्या भोकांतून बारीक उन्हाचे ठिपके तेवढे आत येत होते.

आधी ती भावसिंगासाठी रडली. शब्द त्यांच्या बोलीतले, मला निम्मे कळले. रात्र रात्र उठून बसायचा. हिंगोलीला फोटो काढला, फोटोत छातीवर डाग दिसले. एवढा उंच गडी, शेवटी मी कडेवर घ्यावा इतका हलका झाला. एक ओळ संपली की ती श्वास घ्यायची आणि तेवढा वेळ माझ्यासाठी मोकळा सोडायची. मी गप्प. ती पुढची ओळ घ्यायची.

मग तिनं सूर तोच ठेवला आणि भाषा बदलली. माझ्यासाठी मराठीत गाऊ लागली.

"हात गं बारीक, सुई गं मोठी, लेकरू बोललं न्हाई…
बाटली उंच, खाट गं उंच, लेकरू उतरलं न्हाई…
पाय गं माझे गार पडले, आई, मांडीत घे…"

सुई, बाटली, खाट हे कोणीही म्हणेल. पण ते पायाचं? पहाटे वॉर्डात सगळे झोपले होते तेव्हा आरोही माझ्या कानात तसं म्हणाली होती. मी तिचे पाय मांडीत घेऊन चोळत बसले होते आणि ते गरम झाले नाहीत. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कुठंतरी शेळी ओरडली. कोणी शेळीचा गळा दाबतंय की काय, असं वाटण्याइतकी विचित्र ओरडली. मग कळलं, ती मीच होते.

त्यानंतर माझं मला आवरलं नाही. मला सूर कुठून सापडला, माहीत नाही. जमनामाय एक ओळ म्हणायची, मी एक. आरोहीचा ताप, तिचा नव्या दप्तराचा हट्ट, अँब्युलन्समध्ये तिला आलेली झोप. दोन वर्षं साचलेलं सगळं सुरात बाहेर येत होतं, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. दुःखाचं गाणं माणसाला दुःख देतं असं कोण म्हणतं? ज्याचं गाणं होत नाही तेच दुःख गळा धरतं.

मग वास बदलला. धूर गेला, शेळी गेली. फिनेलचा वास आला… दवाखान्यातल्या फरशीचा. उन्हाचे ठिपके एकेक करून विझले. आणि माझ्या मांडीत दोन पाय आले.

गार. उघडे. आपण हक्काच्या मांडीत सरकवतो तसे सरकवलेले.

मी भ्यायला हवं होतं. मी ते हातात धरले आणि चोळू लागले. रडता रडता चोळत होते. गाण्यात तिसरा आवाज मिसळला होता, अगदी बारीक, नाकातला, सर्दी झाल्यावर तिचा यायचा तसा. जमनामायचा आवाज लांब लांब जात होता. माझा श्वास पुरेना. आणि मी गाण्यातच म्हणाले, "थांब गं… मी येते…"

ते पाय हळूहळू माझ्या मांडीतून मागं सरकू लागले. मला घेऊन निघाल्यासारखे. तेव्हा रीताचं बोलणं आठवलं. तिसऱ्यानं येऊन थांबवायचं. आणि तांड्यावर तिसरं कोणी नव्हतं. आठवलं, पण भीती वाटली नाही. बरंच झालं, असं वाटलं. आता विहीर नको, जाळी नको.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खोकलं.

ओला, खोल, सावकाश वर येणारा खोकला. काठी टेकल्याचा आवाज. पुन्हा खोकला, या वेळी उंबऱ्यात. जमनामायचं गाणं मध्येच तुटलं.

"बस… बस करा आता," उंबऱ्यातून घोगरा आवाज आला.

ओढणी उचलली गेली. भक्कन उजेड डोळ्यांत घुसला. मी तोंड वर करून घटाघटा हवा प्यायले.

दारात कोणी नव्हतं. अंगणात कोणी नव्हतं. समोरच्या घराला बाभळीचा फास तसाच होता. ओढणी आमच्यापासून हातभर लांब, नीट घडी घालून पडली होती. जमनामाय दाराकडं बघत होती आणि तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू होतं.

"जिता असताना बी असाच," ती म्हणाली. "मी रडाय बसले की बस कर, बस कर. मेल्यानं कधी पोटभर रडू दिलं न्हाई."

आणि ती खो खो हसायला लागली, डोळ्यांतून पाणी गळत असतानाच. मीही हसले. दोघींनी मिळून भाकरी खाल्ली. तिचा फोन उतरंडीमागं पडला होता, तो चार्जिंगला लावला आणि संतोषला सांगितलं, "हाय तुझी याडी. जेवून राहिली." त्या माऊलीचे आणि तिच्या त्या खोकणाऱ्या भावसिंगाचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही. त्या दोघांनी मला माझ्या घरी परत पाठवलं.

दिवेलागणीला हे धारा काढून आले. मी त्यांना गोठ्याच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. विहिरीचंसुद्धा. माझा आवाज फुटला तसा त्यांचाही फुटला. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका जागी रडलो. सासूबाई दारापर्यंत आल्या, आमच्याकडं बघितलं आणि आत गेल्या.

मग डोळे पुसून ह्यांनी विचारलं, "पाय… तिचेच व्हते?"

"माझ्या लेकीचे पाय मला कळायचे न्हाईत का?"

"केवढे व्हते?"

"केवढे म्हणजे? एवढे." मी वीत पसरून दाखवली, आणि वर बोटभर आणखी.

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. आरोहीच्या चपला नेहमी तेच आणायचे, पायाचं माप दोरीनं घेऊन.

"पुनम," ते हळूच म्हणाले, "तिचा पाय तुझ्या वितीत मावायचा."

खरं होतं. मावायचा. वॉर्डात मी तो वितीनंच मोजला होता, वेड्यासारखा, पुन्हा पुन्हा. आज मांडीत आले ते पाय आठ वर्षांच्या मुलीचे होते. मी ते चोळले होते, मला सगळं आठवत होतं. टाचा मऊ होत्या. नखं नुकतीच काढलेली होती.

म्हणजे ती वाढते आहे. कोणीतरी तिला जेवू घालतंय, न्हाऊ घालतंय, तिची नखं काढतंय. भावसिंग नव्हे, तो तर या आषाढात गेला. ती दोन वर्षांपासून कोणाच्या तरी घरी आहे. आता मी रोज पहिलं ताट वाढताना त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडते. माझ्या लेकराचं करतोय, देव त्याचं भलं करो. तो कोण आहे, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही. जमनामाय म्हणते, विचारायचं असेल तर ओढणीखाली बसून विचारता येतं. पण विचारलं, आणि त्यानं उत्तर दिलं तर?