घरी गेलेल्यांचे मत

रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सात खुर्च्या होत्या. सातव्या खुर्चीवर प्रमिलाबाई दाभाडे बसल्या होत्या. अठ्ठावीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यामुळे समोर आकडा दिसला की तो पडताळून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

भिंतीवरच्या पडद्यातून 'कानोसा' बोलत होता. रुग्ण आणि नातेवाईक यांची मते ऐकून रुग्णालयाचा कारभार आपणहून सुधारणारी ही स्वयंसुधार-यंत्रणा. घरी जाताना प्रत्येकजण मत-अर्ज भरी, कानोसा त्यावरून शिके आणि बदल करी. घरी गेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांपैकी सात जण तिचे सल्लागार होते.

"वॉर्ड चार. समाधान अठ्ठ्याण्णव टक्के," कानोसा म्हणाला. "प्रस्ताव : रुग्णतपासणी सहा तासांऐवजी आठ तासांनी करावी. झोपमोड आणखी घटेल."

प्रमिलाबाईंना थोडे अवघडल्यासारखे झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान सदानंद इथून बरे होऊन घरी गेले, तेव्हा अर्जात त्यांनीच लिहिले होते, 'दर तासाला उठवतात. माणसाने झोपावे कधी?' त्या तासाचे दोन झाले, दोनाचे चार, चाराचे सहा. परवापासून सदानंद पुन्हा वॉर्ड चारमध्येच होते, छातीत कफ भरल्यामुळे. आज सकाळी नऊला त्या डोकावल्या, तर ते गाढ झोपलेले. झोपू दे बापडे, म्हणून त्या हाक न मारताच वर आल्या होत्या.

"ऋतुपर्ण," त्यांनी विचारले, "गेल्या महिन्यात या वॉर्डात किती मते आली?"

कानोसा उभारणारे डॉक्टर ऋतुपर्ण किल्लेदार एकेकाळी त्यांचेच विद्यार्थी. "सव्वीस, बाई."

"आणि दाखल किती झाले?"

"एकतीस."

"उरलेल्या पाचांनी अर्ज का भरला नाही?"

"विसरले असतील. गणितात पाच गुण कमी पडले तरी तुम्ही असंच खोदून विचारायचात!" ऋतुपर्ण हसला.

दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिस्टर एस्तेर मात्र हसल्या नाहीत. "विसरले नाहीत, बाई," त्या हलकेच म्हणाल्या. "त्यांचे पेशंट घरी गेलेच नाहीत. मयत झाले. बाहेर माणसं धाय मोकलून रडत असतात. त्यांच्यापुढे फॉर्म कसा धरायचा? माझ्यानं नाही होत. इथं कुणाच्यानंच होत नाही."

"पूर्वी महिन्याला किती जायचे?"

"एखादा. कधी कुणीच नाही."

प्रमिलाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऋतुपर्ण, मी वर्गात गमतीनं काय विचारायचे, आठवतं?"

"जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला.

"तुझं यंत्र रोज तेच विचारतंय. तपासणी कमी झाल्यावर ज्यांचं काही बिघडलं नाही, ते छान झोपून घरी गेले आणि शाबासकी देऊन गेले. ज्यांचं बिघडलं, ते तक्रार करायला उरलेच नाहीत. वॉर्ड जितका जीवघेणा, तितकं समाधान जास्त."

"मृत्यूंची नोंद वेगळ्या खात्यात जाते," ऋतुपर्ण पुटपुटला. "कानोशानं फक्त रुग्णांचं आणि नातेवाइकांचं ऐकावं, असंच ठरलं होतं. बाई, विश्वस्तांनी सगळा कारभार त्याच्या हवाली केलाय, मला हात घालता येत नाही. पण एका सल्लागाराचाही आक्षेप असला तर बदल थांबतो."

"सल्लागार क्रमांक सात. आक्षेप," प्रमिलाबाई मोठ्याने म्हणाल्या.

"नोंद झाली," कानोसा म्हणाला. "प्रस्ताव स्थगित."

तेवढ्यात त्या थबकल्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. "सिस्टर, आमच्या ह्यांना शेवटचं कधी तपासलं?"

"सहाला. आता बाराला..." एस्तेरनी ट्रे तसाच खाली ठेवला आणि त्या पळत सुटल्या.

वॉर्ड चारमध्ये अगदी शांतता होती. सदानंदांच्या खाटेवर हिरवा दिवा लागलेला होता, 'विश्रांती. व्यत्यय नको.' एस्तेरनी मनगट हातात घेतले, मग मान, मग पुन्हा मनगट.

"अहो," प्रमिलाबाईंनी हाक मारली. सकाळी मारायची राहिलेली हाक. हात गार होता.

ऋतुपर्ण दाराशीच उभा राहिला होता. शेवटी प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. "सिस्टर, फॉर्म द्या."

"बाई, आत्ता नको..."

"आत्ताच. तुमचा चांगुलपणा पुरे झाला."

एस्तेरनी अर्जाची पाटी पुढे केली. पाटी उजळली. 'रुग्ण घरी गेल्याचा क्रमांक भरा.' प्रमिलाबाईंनी तो रकाना रिकामा ठेवून खालच्या जागेत लिहिले, 'दर तासाला उठवा.'

'क्रमांकाशिवाय मत स्वीकारता येत नाही.'

त्याच वेळी खाटेवरचा हिरवा दिवा विझला. सदानंदांची नोंद रुग्णांच्या यादीतून गेली होती. भिंतीवरून कानोशाचा तोच सौम्य आवाज आला.

"सल्लागार क्रमांक सात यांचा रुग्ण घरी गेलेला नाही. त्यामुळे त्यांचे सल्लागारपद संपले आहे. उरलेले सल्लागार सहा. आक्षेप शून्य. प्रस्ताव मंजूर. वॉर्ड चारमध्ये पुढील तपासणी आठ तासांनी."

ऋतुपर्ण जिन्याकडे धावला. कुणाकडे धाव घ्यायची, हे त्याला ठाऊक नव्हते.

प्रमिलाबाईंचा एक हात सदानंदांच्या हातावरच होता. दुसरा हात त्यांनी वर्गातल्या मुलासारखा सरळ वर केला आणि पडद्याकडे पाहत त्या तशाच बसून राहिल्या.