सतरा नंबरची किल्ली

छावणीच्या देखभाल कार्यालयात सकाळचा क्रम कधी चुकत नसे. साडेनऊला ओव्हरसियर येत, तक्रारवही टेबलावर ठेवत आणि मागच्या भिंतीवरचं किल्ल्यांचं लाकडी कपाट उघडत. कपाटात प्रत्येक क्वार्टरसाठी एक पितळी हूक होता. कुटुंब बदलीवर गेलं की त्यांची किल्ली जमा होऊन हुकावर यायची, नवं कुटुंब आलं की उतरायची. हूक रिकामा असेल तर घरात माणसं आहेत, एवढं साधं ते गणित होतं.

ड इमारतीचे चोवीसही हूक दोन वर्षं रिकामे होते. जवान लांब कुठेतरी सरावाला गेलेले आणि मागे त्यांची बायकापोरं राहत होती. गच्चीवरच्या टाक्या गळत होत्या, त्यामुळे ओल तिसऱ्या मजल्यावरून उतरत उतरत तळमजल्याला पोचली होती. गच्चीच्या कामाचा प्रस्ताव ओव्हरसियरनी चार वर्षांत सहा वेळा वर पाठवला. सहाही वेळा काहीतरी खुसपट काढून तो परत आला, एकदा तर टाचणी गंजलेली आहे म्हणून. निवृत्तीला अकरा महिने राहिलेला माणूस, त्यांनीही मग नाद सोडला असता. पण ड इमारतीच्या सतरा नंबरात त्यांची स्वतःची लेक राहत होती, आणि चार वर्षांची नात ठमी त्या ओलीपायी हिवाळाभर खोकत होती. ठमीला घराच्या किल्लीचा लाल लोकरी गोंडा चघळायची खोड होती. खोकल्याची उबळ आली की ती गोंडा तोंडात धरून थांबवायला बघायची. ते पाहिलं की ओव्हरसियरना रात्री जेवण जात नसे.

सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. जवानांच्या कुटुंबांना सरकार कसं ठेवतं हे बघायला निवडून आलेल्या सदस्यांची समिती गुरुवारी येणार होती, आणि प्रलंबित तक्रारी शून्य दिसायला हव्या होत्या. आता तक्रार निकाली काढायची तर तिथे राहणाऱ्याची सही लागे, आणि काम झाल्याशिवाय सही कोण देणार? नियमात एकच पळवाट होती. घर रिकामं असेल तर सही लागत नसे, 'क्वार्टर रिकामे' एवढा शेरा पुरत असे. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, साहेब म्हणाले, शुक्रवारी सगळ्या पुन्हा उघडा. हुकूम असा त्यांनी दिला नाही. फक्त वही ओव्हरसियरांच्या बाजूला सरकवली.

एक नंबरपासून शेरे मारत ते सोळापर्यंत आले आणि अडले. आपल्याच लेकीची तेवढी तक्रार शिल्लक ठेवली तर उद्या कोणीही बोट दाखवेल. त्यांनी तिला फोन लावला. ती हसली.

"लिहा की रिकामं," ती म्हणाली. "आम्ही कुठे पळून जातोय?"

त्यांनी सतरावरही शेरा मारला आणि मग चोवीसपर्यंत वही पुरी केली.

मंगळवारी कपाट उघडलं तर ड इमारतीच्या पहिल्या सहा हुकांवर किल्ल्या होत्या. त्यांनी प्यूनला फैलावर घेतलं. त्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की कोणीही किल्ली द्यायला आलेलं नाही. दुपारी लेकीचा फोन आला, ती वैतागली होती. शाळेची बस इमारतीपाशी थांबलीच नव्हती, हात करत ती कोपऱ्यापर्यंत धावली तरी नाही. खालची शेजारीण न सांगता गावाला गेली होती, जाताना हिची चाळणीही घेऊन गेली होती. चाळणीचं ऐकून ओव्हरसियर हसले. पण सहा नंबरची शेजारीण का, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

बुधवारी सकाळी पंधरा किल्ल्या होत्या, एकापासून पंधरापर्यंत, ज्या क्रमाने त्यांनी शेरे मारले होते त्याच क्रमाने.

ते तसेच ड इमारतीकडे निघाले. जिन्यात नेहमी चपलांचा ढीग, सायकली, दोऱ्यांवर वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे असत. आज जिना झाडल्यासारखा स्वच्छ होता. कुठे कुकरची शिट्टी नाही, कुठे पोराचं रडणं नाही. दारांना ताजा रंग होता, आणि दारावरच्या नावांच्या पाट्यांच्या जागी खिळ्याचं भोकसुद्धा दिसत नव्हतं.

सतरा नंबरचं दार लेकीने उघडलं. आत ठमी जमिनीवर बसून गोंडा चघळत होती. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. कोपऱ्यातला काळा डाग गेला होता. भिंत पांढरी होती, हात लावला तर कोरडी.

"सकाळपासून ठमी एकदाही खोकली नाही," लेक म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ठमीची उंची मोजायला चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या, त्या गेल्या होत्या. सरावाच्या ठिकाणाहून नवऱ्याचा फोन आला होता. तिथला कारकून म्हणतो, तुमच्या कागदांवर तुम्ही अविवाहित आहात. तो चिडून कारकुनाला शिव्या देत होता.

"आणि बाबा, काल मी जिना उतरत होते, तर रंगारी शिडी घेऊन सरळ अंगावर आला. मी भिंतीला चिकटले म्हणून वाचले. त्याने बघितलंसुद्धा नाही."

ओव्हरसियरनी ड इमारतीवर एकही रंगारी पाठवला नव्हता.

ते धापा टाकत साहेबांकडे गेले. वही आदल्या दिवशीच सील होऊन वर गेली होती. शेरा बदलायचा तर राहणाऱ्याची नवी तक्रार हवी, आणि रिकाम्या घरातून तक्रार घेता येत नाही. हा नियम त्यांनी स्वतः शेकडो लोकांना शांतपणे समजावून सांगितला होता. ते हातापाया पडले. माझी मुलगी आहे हो तिथे, ते म्हणाले.

"त्या रिकाम्या इमारतीत?" साहेबांनी विचारलं. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला, असं त्यांनी सतरा नंबरात परत जाऊन लेकीला परोपरीने विनवलं. ती बधली नाही. आपण इथून हललो तर घर खरंच रिकामं होईल, ती म्हणाली. उद्या समिती येईल तेव्हा मी ठमीला मांडीवर घेऊन दारात बसलेली असेन, मग बघू कोण रिकामं म्हणतं. तिचं बोलणं त्यांना पटलं. एवढ्या मोठ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिल्यावर कोणता शेरा टिकणार होता? त्या रात्री ते तिथेच चटईवर पडले आणि दर थोड्या वेळाने दोघींचे श्वास ऐकत राहिले.

गुरुवारी सकाळी समितीला किल्ल्या घेऊन सामोरं जायचं काम त्यांचंच होतं. दहा मिनिटांत येतो, त्यांनी सांगितलं. ठमीने गोंड्याने टाटा केला.

कपाटात तेवीस किल्ल्या होत्या. सतराचा हूक तेवढा रिकामा होता.

ते त्या हुकाकडे बघत राहिले. मग खणातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी तो हूक लाकडातून उपटला आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. हूकच नसेल तर किल्ली लागणार कुठे, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाला यापलीकडे काही सुचत नव्हतं.

समितीत पाच जण होते, अध्यक्षबाई सगळ्यांच्या पुढे. ओव्हरसियर त्यांच्याही पुढे दोन-दोन पायऱ्या चढत होते.

दारात कोणी नव्हतं.

त्यांनी कडी वाजवली. लेकीला हाक मारली, ठमीला मारली. मागे कोणीतरी खाकरलं. अध्यक्षबाईंनी हलकेच दार ढकललं तर ते उघडंच होतं.

आत पांढरी, कोरडी खोली होती. चटईसुद्धा नव्हती.

"इथे माणसं राहतात," ओव्हरसियर म्हणाले. "चोवीस कुटुंबं. चार वर्षं गच्ची गळतेय. सहा वेळा मी लिहून पाठवलं. मग मीच लिहिलं की कोणी राहत नाही. मी लिहिलं, बाई. तुम्ही एवढंच लिहा की हे खोटं आहे."

अध्यक्षबाईंनी भिंतीवर तळवा फिरवला आणि बघितला. तळवा कोरडा होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हळू आवाजात म्हणाले की ओव्हरसियर निवृत्तीला आलेत, फार राबलेत. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पाचही जण खाली उतरले.

ओव्हरसियरनी जावयाला फोन लावला.

"बोला," पलीकडून आवाज आला. आवाज जावयाचाच होता.

"अहो, ठमी तुमच्याकडे..."

"कोण बोलतंय? नंबर चुकला असेल काका." तो अदबीने बोलला. नेहमीच तो अदबीने बोलायचा.

फोन बंद झाला. ते भिंतीला टेकून खाली बसले. कुठून तरी खोकला ऐकू यावा म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. हिवाळाभर जो थांबावा म्हणून जीव टाकला, तो एकदा, एकदाच ऐकू यावा.

काही ऐकू आलं नाही.

मग छातीपाशी गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. शर्टाच्या खिशावर रुपयाएवढी ओल उमटली होती आणि हळूहळू पसरत होती.

त्यांनी दोन बोटांनी हूक बाहेर काढला. हुकाला किल्ली लटकत होती, आणि तिचा लाल गोंडा नुकताच तोंडातून काढल्यासारखा ओला होता.