अकरा नंबरच्या कुपीत काहीच नव्हतं

"ताजं लोणी... आणि त्याच्यामागून—थांबा हं—किंचित बदाम!"

अकरा नंबरची कुपी नाकाखाली फिरवत, डोळे मिटून त्यानं सांगितलं. मी मान खाली घालून लिहून घेतलं. वर बघितलं असतं तर हसूच फुटलं असतं. अकरा नंबरच्या कुपीत नुसतं पाणी होतं!

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पेशींना वास घ्यायला लावतो. आपल्या नाकात वास पकडणारी प्रथिनं असतात, तशी प्रथिनं तयार करायची कृती पेशींमध्ये घालायची आणि त्या पेशी एका छोट्या चिपवर वाढवायच्या. ठरावीक वास आला की त्या हिरव्या चमकतात. पण पेशी खरं बोलतायत की नाही, हे ताडून बघायला माणसांची नाकं लागतात. म्हणून लोकांना बोलावून कुप्या हुंगायला द्यायच्या, त्यात एक मुद्दाम पाण्याची. आजवर सगळे त्या कुपीला "काही नाही" म्हणत आले होते. या पठ्ठ्यानं पाण्यातून लोणी काढलं.

बाकीचे गेल्यावर मी त्याला थांबवलं.

"वर्णन छान करता तुम्ही."

"धंदाच आहे. मावशीची बेकरी आहे, मी भट्टीवर असतो."

"अकरामध्ये पाणी होतं."

त्याचे कान लाल झाले. "आणि... सातमध्ये?"

"करपलेली साखर. तुम्ही गुलाब म्हणालात."

"म्हणजे सगळंच अंदाजपंचे दाहोदरसे," तो म्हणाला आणि हसला. पण ते हसू काही टिकलं नाही. "तापातून उठलो तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. आमची भट्टी जुनी, एका कोपऱ्यात जास्त तापते. घड्याळ लावून तिथे काही कळत नाही, पाव वासावरच काढायचा असतो. रोज एखादा ट्रे करपतोच. मावशी म्हणालीये, पुढच्या महिन्यापासून भट्टीवर दुसरा माणूस येईल, तू गल्ल्यावर बस."

"मग सांगा की मावशीला खरं काय ते."

"काय सांगू? भट्टीवाल्याला नाक नाही म्हणून? आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. तिच्या कडेवर बसून पहिला पाव हुंगलाय मी."

"मग इथे कशाला आलात?"

"वाटलं... तुमच्या कुप्यांतला वास कडक असेल. एखादा तरी येईल."

माझं हसू कुठच्या कुठे पळालं.

करपलेल्या साखरेला चमकणाऱ्या पेशी आमच्याकडे तयार होत्या. चिप प्रयोगशाळेबाहेर चालते का, हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या बाईंना कधीचं बघायचं होतं. त्या लगेच हो म्हणाल्या. चिप एका डबीत बसवायची, पेशी चमकल्या की डबीवरचा हिरवा दिवा लागेल, असं ठरलं. मी मात्र त्याला अट घातली.

"आधी मावशीला सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर बसा गुलाब हुंगत!"

त्यानं सांगितलं. बेकरीत, माझ्यासमोरच, जमिनीकडे बघत. कोपरापर्यंत पीठ माखलेली मावशी मटकन पोत्यावर बसली.

"एवढंच ना? मेल्या, मला वाटलं तुझं भट्टीवरून मनच उडालं! किती झुरले मी!" तिनं डोळे पुसले आणि गालभर पीठ लावून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "आणि काय गं, तुझ्या या डबीचा भरवसा काय?"

भरवसा कसला! डबीनं पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. ट्रे आत जायच्या आधीच दिवा लागला. बेकरीच्या भिंतींत वर्षानुवर्षांची साखर मुरलेली, पेशी बिचाऱ्या आल्याआल्याच चमकल्या. मग सततच्या वासाला सरावून अगदी गप्प झाल्या. आपलं नाक तरी दुसरं काय करतं? मला सगळी जुळणी बदलावी लागली. भट्टीची हवा नळीतून गार करून घ्यायची आणि मध्ये मध्ये पेशींना गाळलेली स्वच्छ हवा द्यायची. त्यासाठी मी रोज दुपारी जाऊ लागले. डबी रुसलेली असे तेव्हा नाकाचं काम मीच करायची.

"अजून नाही... अजून थोडं... आता!"

तो सर्रकन ट्रे ओढायचा. वाफ दोघांच्या तोंडावर यायची, माझा चष्मा धूसर व्हायचा. मग त्याचा ठरलेला प्रश्न— "आज कसा आला?"

मी वास आकड्यांत लिहिणारी मुलगी. पण तो इतक्या आशेनं बघायचा, की शब्द शोधावेच लागायचे.

"उन्हात वाळलेल्या चादरीत तोंड खुपसल्यासारखा."

"आणि तुझा?"

"माझा काय?"

"तुझा वास कसा आहे?"

"आमच्याकडे प्रयोगशाळेत अत्तर, सुगंधी साबण, सगळं बंद. मला वासच नाही."

"म्हणजे अकरा नंबर," तो गंभीरपणे म्हणाला. "मग मला येतो. लोणी... आणि किंचित बदाम."

मी चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

आणि एके दिवशी डबी शहाणी झाली. दुपारभर एकही ट्रे करपला नाही. मावशीनं दुसऱ्या भट्टीवाल्याला नको म्हणून कळवून टाकलं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण जास्तीच्या वायरी गुंडाळायला मी उगाचच वेळ लावला.

"आता दिवाच सांगेल," मी म्हटलं. "माझं काम संपलं."

शेवटचा ट्रे आत होता. दिवा हिरवा झाला. त्यानं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे, दिवा लागला!"

"दिसतोय."

"मग काढ ना!"

"दिव्याचं ऐकून रोज काढीन. पण 'आज कसा आला' हे त्याला कसं विचारू?" त्यानं हातातला फडका उगाचच पिळला. "तू येत जा. कामाला नाही... अशीच. मला तू फार आवडतेस. रोज दुपारी तुझी वाट बघतो मी, तुझ्या डबीची नाही."

गाळलेली हवा, गार नळी, नेमके आकडे... डोक्यातलं सगळं कुठल्या कुठे गेलं. "मलाही," एवढंच म्हणता आलं. त्याचा पिठाचा हात माझ्या हातात होता, आणि तो कुणी आधी धरला ते आठवत नाही.

"अगं, करपलं की सगळं!" पुढून मावशी ओरडली. "त्याचं एक ठीक आहे, तुला तरी नाक आहे ना?"

होतं. पण खरं सांगते, मला कसलाच वास आला नव्हता.