अर्धा आटा

बंकटला घाण अजिबात खपत नसे. चहात माशी पडली तर लोक माशी काढून चहा पितात. हा कपासकट भिरकावून द्यायचा. बायको स्वप्ना म्हणायची, "तुमी दवाखान्यात जन्मायला पायजे होते." आणि अशा माणसाच्या नशिबी काम कोणतं, तर परळीतल्या काचा धुवायचं! थर्मल वीजकेंद्राची राख उडून येते, आणि स्टेशन रोडच्या त्या चार मजली कापड दुकानाच्या काचा आठ दिवसांत म्हशीच्या पाठीसारख्या होतात.

काम तसं सोपं होतं. खाली उभं राहून लांबच लांब दांडा वर करायचा. टोकाला ब्रश, दांड्यातून नळी, नळीतून फिल्टरचं पाणी. पाणी इतकं शुद्ध की काच पुसावी लागत नाही. नळीला सात जोड आणि प्रत्येक जोडात, पाणी गळू नये म्हणून, एक रबरी वायसर. रोज संध्याकाळी बंकट सातही जोड खोलायचा, जुन्या दातब्रशनं आटे घासायचा, वायसर फडक्यावर वाळत घालायचा. सकाळी बसवताना आधी हातानं आवळायचं, मग पान्यानं वर अर्धा आटा फिरवायचा. "अर्धा म्हंजे अर्धाच," हे जोडीदार हनुमानला दिवसातून चारदा ऐकावं लागायचं.

उरलेलं पाणी तो कॅनमध्ये भरून घरी न्यायचा. घरच्या नळाला दहा दिवसांनी पाणी, तेही मचूळ. आणि घरात आरोही होती, सहा वर्षांची, जन्मापासून टाळूला भोक असलेली. पाणी प्यायली की निम्मं नाकातून बाहेर. बोलणंही सगळं नाकातून. ऑपरेशनची तारीख पुढल्या महिन्यातली होती. तोवर पोरीला पाणी स्वच्छच द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्याइतकं स्वच्छ पाणी अख्ख्या परळीत कुणाच्या पोटात जात नसेल, याचा बंकटला मोठा अभिमान.

सोमवारी संध्याकाळी त्यानं तिसरा जोड खोलला, तर वायसर नाही. त्याच्या जागी केसांचं कडं. पांढरे-काळे, तेलकट केस, एकावर एक घट्ट गुंडाळलेले. वास आला तो अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशीचा. बंकटनं हातातला जोड टाकूनच दिला.

"ए हनम्या, कावून बे असली घाण करतो?"

हनुमाननं टोपी काढली. डोकं घासलेल्या तांब्यासारखं लख्ख. "एक तरी केस हाय का बघ की! उगं कोनावर बी घ्यायचं काय?"

बंकटनं ते कडं काडीनं उचलून रॉकेल ओतून जाळलं, आणि हात सहा वेळा धुतले. जेवण काही गेलं नाही.

मंगळवारी दोन कडी निघाली. बुधवारी चार. सकाळी स्वतःच्या हातानं बसवलेलं रबर, दिवसभर डोळ्यांसमोरचा दांडा, आणि संध्याकाळी आत केस. फिल्टर उघडून पाहिला. नवा कोरा, आत राखेचा कणही नाही, म्हणून घरचा कॅन तो तिथूनच भरत राहिला. गुरुवारी सातही जोडांत केस होते. पण तो खरा हादरला तो वेगळ्याच गोष्टीनं. रबरी वायसरला थोडं तरी पाझरायचंच. केसांचा एकही जोड गळत नव्हता. आणि खोलताना पान्याला कळायचं की कुणीतरी तो नीट आवळलाय. हातानं, आणि वर अर्धा आटा.

शुक्रवारी दुपारी ब्रशला पाणी यायचं थांबलं. बंकटनं नळी सोडवली आणि सवयीनं टोक तोंडात धरून ओढलं. ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल असंच ओढून काढतात आपल्याकडं. त्यात विचार करायचा नसतो. पाणी आलं नाही. जिभेवर काहीतरी लुळं, कोमट येऊन पडलं.

त्यानं बोटांनी धरून ओढलं. केस. हातभर निघाले, दोन हात निघाले, सरेनात. हनुमाननं ब्लेड चालवलं. तुटलेलं टोक क्षणभर नळीच्या तोंडाशी थांबलं आणि आपलं आपण आत गेलं.

बंकट गटारीवर वाकला आणि आतडी बाहेर येईस्तोवर ओकला. हनुमान पाठ चोळत होता. मग त्याचा हात थांबला.

"बंकट... हे पानी तू घरी नेतो न्हाई का?"

तेवढ्यात फोन वाजला. स्वप्ना होती. रडत होती.

"अवो, बिगी बिगी या घरी! देव पावला! पोरीनं तांब्याभर पानी पिलं, नाकातून थेंब न्हाई आला!"

"कोणतं पानी दिलं?"

"तुमी आणता तेच. दुसरं हाय कोणतं घरात?"

तो कसा घरी पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. स्वप्नानं दारातच त्याच्या तळहातावर साखर ठेवली. आरोही भिंतीला टेकून बसली होती. बापाला पाहून तिनं पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. नाक कोरडं.

"बगा बाबा," ती म्हणाली. स्पष्ट, ठणठणीत. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज तोंडातून आला होता.

तिनं श्वास सोडला. त्या श्वासाला तोच उशीचा वास होता.

पोटच्या पोरीची बंकटला किळस आली. मग त्या किळसेची लाज वाटली, पण किळस गेली नाही.

"आ कर, बाळा."

त्यानं मोबाइलचा उजेड आत धरला. टाळूच्या भोकात पांढऱ्या-काळ्या केसांचं कडं बसलं होतं. कडेला तसूभर फट नाही. चोख काम.

"काय दिसतंय वो?" स्वप्ना मागून विचारत होती. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "भरलं ना भोक? आता ऑपरेशन कशाला लागतंय!"

बंकटनं दात आवळले, बोट आत घातलं आणि कड्याखाली नख सरकवलं.

आरोहीनं तोंड मिटलं नाही. ती बापाकडे शांत बघत होती.

कडं निघालं नाही. नखाखाली ते सावकाश आवळत फिरलं.

अर्धा आटा. अर्धाच.